बेथ दीन आणि कोशर प्रमाणपत्र : धर्मन्यायालयाचा शिक्का कारखान्याच्या दारी

परदेशी बिस्किटांचा पुडा, मसाल्याची बाटली किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे वेष्टन उलटून पाहिले, तर घटकद्रव्यांच्या यादीखाली अनेकदा एखादे बारीक चिन्ह आढळते. कुठे वर्तुळात बसवलेले ‘यू’ हे रोमन अक्षर, कुठे ताऱ्याच्या पोटातले ‘के’, तर कुठे ‘केएलबीडी’ ही चार अक्षरे. तो पदार्थ ज्यू धर्मशास्त्रानुसार भक्ष्य, म्हणजे ‘कोशर’ आहे, असे कोणा अधिकारी व्यक्तीने तपासून सांगितले आहे, इतकाच या चिन्हांचा अर्थ. असे सांगण्याचा अधिकार परंपरेने ज्या धर्मन्यायालयाकडे आहे, त्याला हिब्रू भाषेत ‘बेथ दीन’, म्हणजे न्यायाचे घर, असे म्हणतात.

पोलाद, बियाणे आणि मोसंबी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्याचा ज्यू समाजाशी परंपरागत संबंध नाही. महाराष्ट्रातील ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची, मूळ वस्ती कोकणातली. तेथून ती मुंबई, ठाणे, पुण्याकडे सरकली. मात्र शेतमालावर प्रक्रिया करून तो अमेरिका, युरोप किंवा इस्रायलच्या बाजारात पाठवू पाहणाऱ्या कोणत्याही जिल्ह्याला हा प्रश्न कधी ना कधी भेटतो. खरेदीदार मालाच्या प्रतीबरोबर कोशर प्रमाणपत्रही मागतो, आणि आपल्या शाकाहारी मालाला कोणत्या धर्मगुरूची परवानगी लागते, असे कोडे उत्पादकाला पडते.

न्यायालय म्हणजे तीन माणसे

बेथ दीनची कल्पना फार जुनी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकालात संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मविधिग्रंथात न्यायालयांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. देण्याघेण्याच्या तंट्यासाठी तीन न्यायाधीश, देहान्ताच्या शिक्षेपर्यंत जाणाऱ्या खटल्यांसाठी तेवीस, आणि सर्वांच्या वर जेरुसलेमचे एकाहत्तर जणांचे ‘सान्हेड्रिन’. जेरुसलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले. त्यानंतर वरच्या पायऱ्या कालौघात नाहीशा झाल्या. तिघांचे न्यायालय तेवढे टिकले. या न्यायाधीशांना ‘दय्यान’ म्हणतात. आजही घटस्फोटाचा लेख (‘गेट’) देणे, धर्मांतर मान्य करणे, व्यापारी तंट्यात लवादाचे काम करणे आणि अन्नाविषयी निर्णय देणे ही बेथ दीनची मुख्य कामे होत. इस्रायलमध्ये ज्यूंच्या विवाह-घटस्फोटाबाबत रब्बींच्या न्यायालयांना सरकारी अधिकार आहेत; इतर देशांत त्यांचे बळ पक्षकारांच्या संमतीवर आणि समाजातील प्रतिष्ठेवर अवलंबून असते. लंडनचे बेथ दीन व्यापारी तंटे सोडवते ते ब्रिटनच्या लवाद कायद्याच्या चौकटीत.

अन्नाचा प्रश्न न्यायालयाकडे का जावा, हे आपल्याकडच्या वाचकाला चटकन उमगत नाही. परंतु कोशर हा शास्त्रार्थाचा विषय आहे. कोंबडीच्या आतड्यात खिळा सापडला, मांसाच्या पातेल्यात दुधाचा थेंब सांडला, तर ते अन्न चालेल की नाही? तालमूद ग्रंथात अशा शेकडो प्रसंगांचा ऊहापोह आहे. गृहिणीने पिशवीत कोंबडी घालून रब्बीकडे जावे आणि त्याने निवाडा द्यावा, ही पूर्व युरोपातील ज्यू गावांची नित्याची रीत होती. विसाव्या शतकात अन्न स्वयंपाकघरातून कारखान्यात गेले, तसा निवाडाही कारखान्यात गेला. अमेरिकेतील सनातनी सभास्थानांचा संघ, ‘ऑर्थोडॉक्स युनियन’, १८९८ मध्ये स्थापन झाला. १९२० च्या दशकात त्याने औद्योगिक मालाला प्रमाणपत्र देण्यास आरंभ केला. त्याचे वर्तुळातले ‘यू’ प्रथम झळकले ते हाइन्झ कंपनीच्या शाकाहारी घेवड्याच्या डब्यावर. हा संघ काटेकोर अर्थाने न्यायालय नव्हे. लंडन, मँचेस्टर येथे मात्र बेथ दीनच प्रमाणपत्र देते. जेरुसलेमच्या अतिकर्मठ पंथीयांची ‘बदात्स’ ही संज्ञा ‘बेथ दीन त्सेदेक’ या नावाचेच आद्याक्षरी रूप आहे. या प्रमाणपत्राला ‘हेख्शेर’ म्हणतात आणि पाहणी करणाऱ्या निरीक्षकाला ‘मश्गियाह’.

मोसंबी, बेदाणे आणि वाफ

कोशरचे मूळ नियम थोडे आहेत. दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा पशू चालतो. त्यामुळे डुक्कर, उंट, ससा वर्ज्य. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत; म्हणून कोळंबी, खेकडे, शिंपल्या बाद. पशुपक्ष्यांचा वध प्रशिक्षित ‘शोहेत’ने धारदार सुरीने, ठरलेल्या पद्धतीने करावा. रक्त निषिद्ध. मांस आणि दूध एकत्र शिजवू नये, खाऊ नये, भांडीही निराळी. कीटक वर्ज्य, त्यामुळे फुलकोबी आणि पालेभाज्यांची तपासणी कसोशीने होते.

यातून पहिला समज असा होतो की शाकाहारी पदार्थ आपोआप कोशर ठरतो. भारतात २००१ पासून वेष्टनांवर आलेल्या हिरव्या ठिपक्याने हा समज अधिकच पक्का केला. पण हिरवा ठिपका घटकांविषयी बोलतो, आणि तो उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. कोशर प्रमाणपत्र घटकांबरोबर भांड्यांविषयी, उष्णतेविषयी आणि कोणाच्या हातून काम झाले याविषयीही बोलते, आणि ते बाहेरचा माणूस येऊन देतो. सोवळ्याचा स्वयंपाक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातील तर्क अपरिचित वाटणार नाही.

जालन्याच्याच शेतमालाचे उदाहरण घेता येईल. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. (मानांकन पदार्थाचे गाव सांगते, कोशरच्या शिक्क्याला गावाशी कर्तव्य नसते, प्रक्रियेशी असते.) ताज्या, अखंड मोसंबीला भारतातून जाताना प्रमाणपत्राची गरज नाही. झाडाच्या पहिल्या तीन वर्षांची फळे खाऊ नयेत, असा ‘ओर्ला’ नावाचा नियम आहे. परंतु इस्रायलच्या भूमीबाहेरील बाजारात घेतलेल्या फळाबाबत नुसती शंका असेल तर ते चालते. मोसंबीचे कलम जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. भिन्न जातींचे असे कलम करणे ज्यू माणसाला निषिद्ध आहे, तरी झाडाला आलेले फळ खाण्यास मनाई नाही. याच कुळातील महाळुंगाची गोष्ट उलटी. सुक्कोथच्या सणात हाती धरावयाचे ‘एथ्रोग’ हे एका प्रकारचे महाळुंगच, आणि ते कलमी झाडाचे असेल तर बाद ठरते. खाण्याला चालेल पण विधीला चालणार नाही, असा हा भेद आहे.

मोसंबीचा रस काढून आटवला, की प्रश्न सुरू होतात. त्याच यंत्रावर आधी द्राक्षाचा रस निघाला होता काय? पाश्चरीकरणाच्या यंत्रातून आदल्या दिवशी दुधाचे पेय गेले होते काय? रस निवळण्यासाठी वापरलेली विकरे कशापासून तयार झाली, जिलेटिन वापरले असल्यास ते कोणत्या प्राण्याचे? ‘नैसर्गिक स्वाद’ या दोन शब्दांआड कोणकोणती द्रव्ये आहेत? द्राक्षाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून द्राक्षबागांचे गाव बनलेले कडवंची याच जिल्ह्यात आहे. कडवंचीचे ताजे द्राक्ष निर्वेधपणे कोशर. पण ते चिरडून रस निघाला की नियम सर्वांत कडक होतात. रस काढण्यापासून तो उकळून बंद होईपर्यंतचे हाताळणीचे काम शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंनीच करावे लागते. यामागे प्राचीन काळी मूर्तिपूजेत मद्याचे अर्घ्य दिले जाई, हे कारण आहे. त्यामुळे साधे टार्टारिक आम्ल किंवा द्राक्षापासूनचे व्हिनेगर यादीत दिसले, तरी निरीक्षकाची लेखणी थांबते.

बेदाण्याला हा द्राक्षरसाचा नियम लागत नाही, पण त्याचा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. महाराष्ट्रात द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या द्रावणात बुडवतात. या तेलातील मुख्य घटक इथाइल ओलिएट. ज्या ओलेइक आम्लापासून ते बनते, ते वनस्पती तेलातूनही मिळते आणि प्राण्यांच्या चरबीतूनही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कृषी-सेवा केंद्रातून आणलेला डबा असतो. रब्बीच्या दृष्टीने सगळा निवाडा त्या डब्याच्या उगमावर अवलंबून असतो. ग्लिसरीन, स्टिअरेट, पायसीकारके यांचीही हीच कथा. भोकरदनची वाळलेली मिरची अखंड असताना कोणी काही विचारत नाही. तिची पूड होऊन त्यात गुठळ्या न होण्यासाठी एखादे द्रव्य मिसळले गेले, की त्या द्रव्याचा दाखला हवा. मक्याच्या स्टार्चला वर्षभर अडचण नाही; पण वल्हांडणाच्या (पेसाख) आठ दिवसांत युरोपीय वंशाचे ज्यू मका, तांदूळ, डाळी खात नाहीत. बेने इस्रायल मात्र त्या दिवसांत भात खातात. एकाच धर्मातही दोन पंक्ती असतात त्या अशा.

बहुतेक कारखानदारांना अनपेक्षित वाटतो तो बॉयलरचा प्रश्न. चव उष्णतेने भांड्यात मुरते, असे हे शास्त्र मानते. एका कढईत कोशर नसलेला माल शिजतो, शेजारच्या कढईत कोशर माल, आणि दोन्हींच्या आवरणातील वाफ थंड होऊन पुन्हा एकाच बॉयलरमध्ये परतते. म्हणजे निषिद्ध चव पाण्यावाटे फिरली. अशा वेळी वाहिन्या वेगळ्या कराव्या लागतात किंवा परतीचे पाणी सोडून द्यावे लागते. यंत्र शुद्ध करण्यासाठी ते चोवीस तास बंद ठेवून नंतर उकळत्या पाण्याने धुतात. एका पाळीचे उत्पादन जाते, इंधन जळते. प्रमाणपत्राच्या शुल्काचा विचार सगळे करतात. या छुप्या खर्चाचा हिशेब बहुधा नंतर होतो.

शुल्काबाबत एक जुना पेच आहे. न्यायदानाबद्दल मोबदला घेणाऱ्या न्यायाधीशाचे निवाडे रद्द समजावेत, असा तालमूदचा दंडक आहे; त्याला फक्त बुडालेल्या वेळेची भरपाई घेता येते. मग ज्याची तपासणी करायची, त्याच्याकडूनच पैसे घेणाऱ्या संस्थेचे काय? प्रतिष्ठित संस्थांनी यावर काढलेला मार्ग असा की कारखाना संस्थेला वार्षिक शुल्क देतो, निरीक्षकाला नव्हे. निरीक्षकाचे वेतन संस्था देते आणि तो पूर्वसूचनेशिवाय येऊ शकतो. पेच याने सौम्य होतो, सुटत नाही. म्हणूनच ज्यू ग्राहक नुसते ‘कोशर’ हे शब्द पाहून समाधान मानत नाही. सही कोणाची, हे तो आधी पाहतो.

न्यायालय नसलेला समाज

या सर्व व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर बेने इस्रायलांचा इतिहास विलक्षण आहे. शतकानुशतके या समाजात ना रब्बी होता, ना बेथ दीन. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गावांत ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. समाजाच्या परंपरेनुसार दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने त्यांची परीक्षा अन्नावरूनच घेतली. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले; त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले. ज्या निकषावर आज वातानुकूलित कार्यालयांत प्रमाणपत्रे निघतात, तोच निकष या बायकांच्या हाताला पाठ होता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायलांच्या आपल्या इतिहासात ही घटना फार प्राचीन मानली आहे. अलीकडचे बरेच अभ्यासक रहाबी म्हणजे अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातील पुरुष असावा, असे मानतात.

रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकवले आणि ते ‘काजी’ झाले, असे परंपरा सांगते. हे पद वंशपरंपरेने चालले. काजी विवाह लावी, सुंता करी, आणि गावच्या चौगुल्यासह समाजातील तंटे मिटवी. बेथ दीनच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था ती हीच. शब्द इस्लामी अमलातून आलेला, हुद्दा मराठी गावगाड्यातला आणि कायदा मोशेचा! इंग्रजांची न्यायालये आली, १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले, आणि काजीचा न्यायाधिकार ओसरत जाऊन सिनेगॉगच्या व्यवस्थापक मंडळाकडे समाजाची सूत्रे गेली. भारतात ज्यूंच्या विवाह-घटस्फोटासाठी पारशांप्रमाणे वेगळा कायदा झाला नाही. १९२६ मध्ये रेचेल बेंजामिन यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ज्यू धर्मशास्त्रानुसार घटस्फोटाचा दावा ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला. म्हणजे दय्यानांचे काम इंग्रजी पद्धतीच्या न्यायासनाने केले.

स्वयंपाकघरात मात्र कोणाच्या सहीची वाट पाहिली गेली नाही. मांसाच्या रश्शात दूध-दही चालत नाही, म्हणून नारळाचे दूध आले. कोकणात ते घरोघरी होतेच. शब्बाथच्या आशीर्वादासाठी कोशर मद्य मिळेना, तेव्हा काळ्या मनुका पाण्यात भिजवून केलेले सरबत वापरण्याचा प्रघात पडला. तो आजही टिकून आहे. ज्या पेयाच्या नियमांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, त्यावर मूठभर मनुकांनी काढलेला हा तोडगा शास्त्रातही बसतो.

संशय माणसांवर आला तेव्हा

अन्नावर निवाडा देणारे हेच न्यायालय माणसांवरही निवाडा देते, आणि त्याची झळ मराठी ज्यूंना बसली आहे. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तेथे काही रब्बींनी त्यांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. कारण विचित्र होते. भारतात बेथ दीन नसल्याने जुन्या काळी घटस्फोट शास्त्रोक्त ‘गेट’ देऊन झाले असतील का, विधवांच्या पुनर्विवाहात नियम पाळले गेले असतील का, अशी शंका घेण्यात आली. न्यायालय नव्हते, हाच दोष ठरला. १९६१ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायलांशी विवाह करण्यास तत्त्वतः आडकाठी नसल्याचे मान्य केले. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या कारकिर्दीत निघालेल्या सूचनांनी विवाह नोंदणाऱ्याला अर्जदाराच्या आई, आजीपर्यंत आणि त्याहून मागे चौकशी करण्यास सांगितले. शंका उरल्यास प्रकरण रब्बींच्या न्यायालयाकडे जाई.

कोकणातल्या खेड्यातील पणजीच्या विवाहाचा दाखला कोठून आणायचा? १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये नेसेटचे, म्हणजे तेथील संसदेचे, विशेष अधिवेशन भरले आणि बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, अशी भूमिका सरकारने घेतली. त्यानंतर रब्बी मंडळाने सूचनांतून समाजाचे नाव वगळले. ज्यांच्या वंशाविषयी शंका आहे अशी कोणीही व्यक्ती, असा मजकूर त्या जागी आला. घटकद्रव्याच्या उगमाचा दाखला मागणे आणि आजीच्या उगमाचा दाखला मागणे, यांत तर्क एकच असला तरी वेदना एक नसते.

मुंबईतील पाहुणे

२०११ च्या जनगणनेत भारतात ज्यूंची संख्या सुमारे साडेचार हजार नोंदली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. एवढ्या लहान समाजाला स्वतःचे बेथ दीन चालवणे शक्य नाही. त्यामुळे भारतीय कारखान्यांना प्रमाणपत्रे मिळतात ती अमेरिका, ब्रिटन, इस्रायलमधील संस्थांची. त्यांचे निरीक्षक येथे फिरतात, आणि कोशर जेवण मिळणे दुर्मीळ असल्याने मिळेल त्या ज्यू घरी उतरतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्यातील नरिमन हाउसवर दहशतवादी हल्ला झाला. तेथील खबाद केंद्र चालवणारे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण त्यात मरण पावले. रब्बी लेइबिश टायटेलबाउम आणि बेन्झियन क्रोमन हे त्यांतील दोघे कोशर निरीक्षक होते. कामानिमित्त भारतात आले होते. स्वतः होल्ट्झबर्ग शोहेत होते, मुंबईत कोशर कोंबडी मिळावी याची सोय ते करीत. वेष्टनावरच्या बारीक चिन्हामागे अशी माणसे असतात, हे त्या तीन दिवसांत मुंबईला कळले.

राज्यसंस्था आणि शिक्का

कोशरचा खोटा दावा हा गुन्हा मानायचा, तर खरे कोशर कोणते हे ठरवायचे कोणी? न्यूयॉर्क राज्याने १९१५ मध्ये यासाठी कायदा केला आणि सनातनी परंपरेची व्याख्या प्रमाण मानली. ज्यूंमधील एका पंथाचे मत सरकारने उचलून धरणे हे धर्म आणि राज्य यांच्या विभक्ततेशी विसंगत आहे, असे ठरवून संघराज्याच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये ती व्याख्या रद्दबातल ठरवली. इस्रायलने उलटा मार्ग धरला. १९८३ च्या कायद्याने ‘कोशर’ हा शब्द वापरण्याची परवानगी रब्बी मंडळाच्या हाती दिली. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहांना इतपत मोकळीक दिली की ‘कोशर’ हा शब्द न वापरता, आपण काय काळजी घेतो हे ते ग्राहकाला सांगू शकतात.

भारतात कोशरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. उत्पादक आणि प्रमाणपत्र देणारी संस्था यांच्यातील करार हाच सारा आधार; खोट्या दाव्याला अन्नसुरक्षा आणि ग्राहक संरक्षणाचे सामान्य कायदे लागू होतात. त्यामुळे जालन्यातील एखाद्या प्रक्रिया उद्योगाने या वाटेला जायचे ठरवले, तर पहिले काम खरेदीदाराला विचारण्याचे : तुमच्या बाजारात कोणाची सही चालते? लंडनला चालणारा शिक्का जेरुसलेमच्या कर्मठ वस्तीत चालेलच असे नाही. त्यानंतर कच्च्या मालाच्या प्रत्येक पुरवठादाराचे दाखले जमवावे लागतात, आणि पुरवठादार बदलला की ते संस्थेला कळवावे लागते. प्रमाणपत्र ठरावीक कारखान्यासाठी, नावानिशी लिहिलेल्या उत्पादनांसाठी आणि बहुधा एका वर्षासाठी असते. तोच माल शेजारच्या कारखान्यात बांधून घेतला, तर त्या वेष्टनावर तो शिक्का छापता येत नाही.